आधी ठराव, मग चर्चा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर लागला की गृहनिर्माण संस्थांच्या फलकावर वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 75 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत, ही सभा घ्यावीच लागते. म्हणून मुंबई, ठाणे, पुण्यातल्या शेकडो सोसायट्या महिन्याच्या शेवटच्या एक-दोन रविवारी एकदम सभेला बसतात. त्यातल्या पुष्कळ सभा भांडणात संपतात आणि दोष शेजाऱ्यांच्या स्वभावाला दिला जातो. स्वभाव असतातच. पण बहुतेक भांडणांचे मूळ नोटिशीतल्या एका शब्दात सापडते. तो शब्द म्हणजे 'बाबत'.

'विषय क्र. 6: इमारतीच्या रंगकामाबाबत चर्चा करून निर्णय घेणे.' अशा ओळीवर कोणी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. मग एक जण गळतीवर बोलतो, दुसरा मागच्या ठेकेदारावर, तिसरा पार्किंगवर. तासाभराने अध्यक्ष म्हणतात, 'मग सगळ्यांना मान्य ना?' काय मान्य, ते प्रत्येकाच्या डोक्यात वेगळे असते. इतिवृत्तात 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते आणि चार महिन्यांनी बिल आले की खरी सभा जिन्यात भरते.

त्याच विषयाचा ठराव असा होतो: 'इमारतीच्या बाहेरील भिंतींची गळती-दुरुस्ती व रंगकाम यासाठी दुरुस्ती निधीतून कमाल 18 लाख रुपये खर्च करण्यास, किमान तीन निविदा मागवून 31 जानेवारीपर्यंत काम देण्यास ही सभा मंजुरी देत आहे.' काम कोणते, रक्कम किती, पैसा कोठून, मुदत कधी, ही चार उत्तरे एका वाक्यात आली. आता विरोध करणाऱ्यालाही नेमका कशाला विरोध करायचा ते कळते. ठरावाचा मसुदा नोटिशीबरोबरच द्यावा. ते जमले नसेल तर सभेत सूचकाने तो कागदावर लिहून द्यावा, सचिवाने मोठ्याने वाचावा, अनुमोदक मिळावा आणि त्यानंतरच पहिल्या वक्त्याला बोलू द्यावे. अनुमोदक मिळाला नाही तर विषय तिथेच संपतो. सभेचा बराच वेळ नुसत्या या एका पायरीने वाचतो, हे सांगूनही लोकांना पटत नाही.

नोटिशीचे गणित आधी नीट व्हायला हवे. आदर्श उपविधींनुसार (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) वार्षिक सभेला पूर्ण 14 दिवसांची आणि विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण 5 दिवसांची नोटीस लागते. 'पूर्ण' याचा अर्थ नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. सभा 28 सप्टेंबरला असेल तर 14 ते 27 हे चौदा दिवस मोकळे हवेत. म्हणजे नोटीस 13 तारखेपर्यंत सभासदाच्या हाती पडायला हवी. 14 तारखेला वाटलेली नोटीस एका दिवसाने कमी पडते, आणि ज्याला सभा उधळायची असते तो नेमका हाच दिवस मोजतो.

नोटिशीच्या तळाशी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे' ही ओळ हमखास असते. ही ओळ उपविधींत आहे, पण तिला एक शेपूट आहे आणि ते छापताना बरेचदा गळते: ज्या विषयांना रीतसर नोटीस लागते ते विषय वगळून. वर्गणीवाढ, मोठा खर्च, एखाद्या सभासदावर कारवाई, उपविधीदुरुस्ती यांतले काहीही ऐनवेळी येऊ शकत नाही. कारण साधे आहे. जो सभासद नोटीस वाचून 'यात आपल्या कामाचे काही नाही' म्हणून घरी थांबला, त्याच्या गैरहजेरीत त्याच्या खिशाला हात घालता येत नाही. आभाराचा ठराव, एखादी सूचना, पुढच्या सभेसाठी विषय सुचवणे, एवढीच त्या ओळीची झेप. सभा संपत आल्यावर, निम्मे लोक वड्याच्या बशीकडे गेलेले असताना, नेमक्या याच ओळीखाली लाखोंचे निर्णय होतात.

गणपूर्तीबद्दलही, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीबद्दलही, गैरसमज पुष्कळ. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी ती गणपूर्ती. 24 सदनिकांच्या संस्थेत 16 लागतील. 90 च्या संस्थेत दोन तृतीयांश म्हणजे 60 होतात, पण 20 पुरतात. दिलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात एवढे लोक जमले नाहीत तर सभा तहकूब होते. नोटिशीत आधीच लिहिले असेल तर ती त्याच दिवशी नंतरच्या वेळी घेता येते. लिहिले नसेल तर 7 दिवसांनंतर आणि 30 दिवसांच्या आत. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणून दहाची सभा साडेदहाला नऊ जणांत सुरू होते आणि ती कायदेशीर असते. (288 जणांच्या आपल्या विधानसभेला कामकाजासाठी 29 सदस्य लागतात आणि तिथे अर्धा तास थांबून अट माफ होण्याची सोय नाही. सहकारात ती आहे, ही मला पळवाट वाटते. पण ती नसती तर अर्ध्या सोसायट्यांचे हिशेब कधीच मंजूर झाले नसते, हेही खरे.) मात्र तहकूब सभा म्हणजे नवी सभा नव्हे, त्याच सभेचा पुढचा भाग. तिच्यात एकही नवा विषय घेता येत नाही.

मत कोणाचे, हा प्रश्न दाराशीच सोडवावा. एका सभासदाला एक मत. दोन सदनिका असल्या तरी एकच. भागपत्रावर एकाहून अधिक नावे असतील तर पहिल्या नावाच्या व्यक्तीने मत द्यायचे, ती हजर नसेल तर त्यानंतरच्या नावाच्या व्यक्तीने. बदली मतदान चालत नाही, मुखत्यारपत्र घेऊन आलेल्यालाही बसता येत नाही. घर बायकोच्या एकटीच्या नावावर आणि सभेत हिरिरीने बोलून हात वर करणारे यजमान, हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की कोणी हटकत नाही. मतमोजणी 22 विरुद्ध 21 अशी आली की मात्र सगळे हटकतात. उपाय स्वस्त आहे. सचिवाने सभासद नोंदवहीवरून यादी छापून दारात ठेवावी, सही घेतानाच मताधिकार असलेल्याच्या हातात एक रंगीत कार्ड द्यावे आणि मतदानाला हाताऐवजी कार्ड वर करायला सांगावे. मोजायला दोघे, एक बाजूचा आणि एक विरोधातला. व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलेला कौल म्हणजे मतदान नाही; ग्रुपमध्ये भाडेकरू असतात, मुले असतात, विकून गेलेलेही असतात.

आता मुख्य अडचण. उपविधी सभेची चौकट सांगतात: नोटीस, गणपूर्ती, मताधिकार, इतिवृत्त. चर्चा आतून कशी चालवायची, उपसूचना आली तर काय करायचे, याबद्दल त्यांत जवळपास काही नाही. ती रीत आपण विधिमंडळाकडे पाहून उचलली आणि अर्धवट उचलली.

उपसूचना म्हणजे ठरावातले शब्द बदलण्याचा, घालण्याचा किंवा गाळण्याचा प्रस्ताव. वरच्या ठरावात '18 लाख' ऐवजी '12 लाख' करा, ही उपसूचना. 'रंगकाम करूच नये', ही नव्हे. तो नुसता विरोध झाला आणि त्यासाठी ठरावाविरुद्ध मत देणे पुरते. 'रंगकामाऐवजी लिफ्ट बदला' हीदेखील नव्हे, कारण ती मूळ विषयाच्या बाहेर जाते. उपसूचनेलाही अनुमोदक हवा आणि तिच्यावर मूळ ठरावाच्या आधी मत घ्यायचे. ती मंजूर झाली की ठरावातला आकडा 12 लाख होतो. एवढेच होते. ठराव अजून मंजूर झालेला नाही. घोळ इथेच होतो: उपसूचनेला टाळ्या पडल्या की सभा पुढच्या विषयाकडे वळते आणि दुरुस्त ठरावावर मत घ्यायचे राहूनच जाते. अध्यक्षाने अशा वेळी स्पष्ट म्हणावे, 'आता 12 लाखांच्या दुरुस्त ठरावावर मत घेतो.' ज्याने 12 साठी हात वर केला, त्याला रंगकामच नको असू शकते. 18 पेक्षा 12 बरे, एवढेच त्याने सांगितलेले असते. दुसऱ्या मताला तो विरोधात जाऊ शकतो आणि त्यात विसंगती काहीच नाही.

एका वेळी एकच उपसूचना सभेपुढे असावी. 12 लाख, 15 लाख आणि 'आधी संरचनात्मक तपासणी' या तिन्ही एकदम घेतल्या तर कोण कशावर बोलतो आहे ते कळत नाही. बाकीच्या लिहून घ्याव्यात आणि ओळीने घ्याव्यात. उपसूचनेवर उपसूचना ही चैन छोट्या सभेला परवडत नाही. तशी गरज पडलीच तर दहा मिनिटे सभा थांबवून दोघातिघांना बाजूला बसवावे आणि नवा मसुदा लिहून आणायला सांगावे.

वेळेचा हिशेब कोणी मांडत नाही. साठ हजर सभासदांनी एकाच विषयावर प्रत्येकी तीन मिनिटे बोलायचे ठरवले तर तीन तास होतात. म्हणून प्रत्येकाला एका विषयावर दोन मिनिटे, ज्याची पहिली पाळी झाली नाही त्याला दुसऱ्या पाळीवाल्याआधी संधी, आणि शेवटी सूचकाला उत्तरासाठी तीन-चार मिनिटे. बोलायचे ते अध्यक्षांना उद्देशून. ही औपचारिकता अनेकांना नाटकी वाटते, पण 'जोशी, तुम्ही मागच्या वर्षी काय केलंत' आणि 'अध्यक्ष महाराज, मागच्या वर्षी हे काम झाले नाही' या दोन वाक्यांनंतर उठणारा आवाज वेगळा असतो. बाजूचा एक, विरोधातला एक, असे आलटून पालटून बोलावले तर दोन्हीकडचे मुद्दे लवकर संपतात. एखाद्या बाजूला बोलणारेच उरले नाहीत, हेही उघड दिसते.

हरकतीचा मुद्दा हा शब्द टीव्हीमुळे घराघरात पोचला, अर्थ वाटेत राहिला. समोरच्याचे म्हणणे पटले नाही, त्याचा आकडा चुकला, यावर हरकतीचा मुद्दा होत नाही. ते आपल्या पाळीला सांगायचे. नियम मोडला जात असेल तरच मध्ये थांबवता येते: गणपूर्ती नाही, विषय नोटिशीत नाही, मताधिकार नसलेला मत देतो आहे, वक्ता ठराव सोडून भलतीकडे गेला आहे. कोणता नियम, ते एका वाक्यात सांगायचे. अध्यक्षाने लगेच निर्णय द्यायचा आणि त्यावर चर्चा नाही. 'आता मत घ्या' हा चर्चाबंदीचा प्रस्तावही असाच चर्चेविना मताला टाकायचा असतो. पण विरोधी बाजूचा एकही वक्ता बोललेला नसताना तो आला तर अध्यक्षाने नाकारावा. बहुमत हातात असलेल्यांना घाई असते, आणि नेमकी तीच घाई नंतर सहकार न्यायालयात कलम 91 खालच्या वादाला निमित्त पुरवते.

अध्यक्षाने वादात उतरू नये. स्वतःचे मत जोरात मांडायचे असेल, किंवा विषय त्याच्याच कारभाराचा वा नातलगाच्या ठेक्याचा असेल, तर तेवढ्या विषयापुरते खुर्चीवर दुसऱ्याला बसवावे. समसमान मते पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असते. ते कसे वापरावे याचे बंधन कायद्यात नाही. संसदीय प्रघात मात्र असा की निम्म्या सभेला नको असलेला बदल एकट्याच्या मताने लादू नये, आहे ते चालू ठेवावे. हा प्रघात सोसायटीतही पाळण्यासारखा आहे.

बेकायदा ठराव मताला टाकायचाच नसतो, ही अध्यक्षाची आणखी एक जबाबदारी. हस्तांतरण शुल्काची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. सदनिका भाड्याने दिल्यावर लागणारे बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. शंभर टक्के सभासदांनी हात वर केले तरी 50,000 चा ठराव उभा राहत नाही. 'सभा सर्वोच्च आहे' हे खरे, पण कायदा, नियम आणि उपविधी यांच्या आत.

बहुमत कशाचे, हे मत घेण्याआधी सांगावे. नेहमीच्या ठरावाला हजर राहून मत देणाऱ्यांचे साधे बहुमत पुरते. साठ हजर, 22 बाजूने, 17 विरोधात, 21 तटस्थ, तर ठराव मंजूर. 22 हे साठाचे निम्मे नाहीत, ही तक्रार गैरलागू. पुनर्विकासाचे गणित मात्र वेगळे. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयानुसार त्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची हजेरी लागते आणि निर्णयाला एकूण सभासदांच्या किमान 51 टक्क्यांची संमती. 90 सभासदांच्या संस्थेत 60 हजर हवेत आणि बाजूने 46. साठांपैकी 40 जणांनी होकार दिला तर सभागृहात दणदणीत बहुमत दिसेल, पण ठराव पडलेला असेल. इथे 20 ची गणपूर्ती चालत नाही आणि अर्ध्या तासाची तहकुबीही उपयोगाची नाही. पेढे वाटल्यानंतर हे कळण्यापेक्षा आधी फळ्यावर लिहिलेले बरे.

हे सगळे नियम दरवर्षी नव्याने भांडून ठरवायची गरज नाही. पानभर मजकुराची सभा-संचालनाची नियमावली विषयपत्रिकेत रीतसर घालून एकदा मंजूर करून घ्यावी: लेखी ठराव, दोन मिनिटे, एका वेळी एक उपसूचना, कार्डाने मतदान. उपविधींना छेद जाणार नाही एवढे पाहिले की झाले.

शेवटी इतिवृत्त. मागील सभेचे इतिवृत्त वाचणे हा पहिला विषय असतो आणि त्यावर तासभर मागच्या वर्षीचाच वाद पुन्हा होतो. इतिवृत्त कायम करताना प्रश्न एकच असतो: जे घडले ते तसेच लिहिले आहे का? निर्णय चुकला असे वाटत असेल तर तो रद्द करण्याचा स्वतंत्र ठराव आणावा लागतो, आणि तोही मूळ ठरावाला सहा महिने झाल्याशिवाय आणता येत नाही. खरे तर वर्षभर थांबायचे कारणच नाही. उपविधींनुसार समितीने सभेपासून तीन महिन्यांत मसुदा तयार करायचा, त्या समिती-बैठकीपासून पंधरा दिवसांत तो सभासदांना द्यायचा, आणि सभासदांनी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपले म्हणणे कळवायचे. ते विचारात घेऊन समितीने पुढच्या बैठकीत अंतिम इतिवृत्त नोंदवायचे. हा मसुदा वाटणाऱ्या संस्था फार थोड्या, आणि तो मागणारे सभासद त्याहून थोडे.

त्या मसुद्यात भाषणे नकोत. ठरावाचा क्रमांक, शब्दशः मजकूर, सूचक, अनुमोदक, उपसूचनांचा निकाल, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती. एकानेही विरोध केला असेल तर 'सर्वानुमते' लिहिता येत नाही, 'बहुमताने' लिहावे लागते. ज्याला आपला विरोध नावानिशी नोंदवून हवा आहे त्याने तो विषय संपायच्या आत तसे मोठ्याने सांगावे. मसुद्यात तो दिसला नाही तर पंधरा दिवसांत लेखी पत्र द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर सचिवाची तारखेसह सही घ्यावी.

आपला,
एक वाचक, ठाणे